आगमनाचा आनंद : फादर थॉमस स्टीफन्स

ख्रिस्तजन्माच्या सणाला मराठीत ‘नाताळ’ म्हणतात. हा शब्द मूळचा पोर्तुगीज. गोव्याच्या वाटेने तो मराठीत आला आणि इतका रुजला, की तो परका आहे याची आठवणही आता कोणाला होत नाही. ज्या काळात हा शब्द समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर उतरला, त्याच काळात एक माणूसही समुद्र ओलांडून आला आणि येथल्या भाषेत असाच मिसळून गेला. त्याचा जन्म इंग्लंडमधला, धर्मदीक्षा रोममधली, गलबत पोर्तुगालचे आणि वाणी मराठी. फादर थॉमस स्टीफन्स हे त्याचे नाव. ‘ख्रिस्तपुराण’कर्ता म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे स्थान अढळ आहे. भाषेचे अभ्यासक त्यांच्याकडे भाषेसाठी जातात, मुद्रणाचे अभ्यासक मुद्रणासाठी. परंतु ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी चाळीस वर्षे परक्या भूमीत वेचली, ती गोष्ट म्हणजे ख्रिस्तजन्माचा आनंद. सण संपला तरी जो संपत नाही, असा तो आनंद. त्यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे त्यांच्या ग्रंथाचाही एक निराळा अर्थ उमगू लागतो.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या गावी झाला. तो काळ इंग्लंडच्या धर्मजीवनातील मोठ्या उलथापालथीचा होता. राजा बदलला की राज्याचा पंथ बदले, आणि पंथ बदलला की कालचा भाविक आज अपराधी ठरे. १५५८ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्यांनी कॅथलिक पंथाची उपासना बेकायदा ठरली. राजमान्य चर्चमध्ये न जाणाऱ्यांना दंड होऊ लागला आणि जुन्या पद्धतीची मिसा दारे लावून, चोरून साजरी करावी लागू लागली. ज्या घरांनी जुनी श्रद्धा सोडली नाही, त्या घरांत नाताळचा सण येई तोही भीतीची सावली बरोबर घेऊन. तरुण थॉमसच्या मनावर पहिले संस्कार या वातावरणात झाले.

या तरुणपणी त्यांना थॉमस पाउंड नावाचे एक ज्येष्ठ स्नेही लाभले. पाउंड हे हॅम्पशायरमधील श्रीमंत घराण्यातले, राणीच्या दरबारात वावरणारे, नृत्यनाट्यांत रमणारे गृहस्थ. त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा एक प्रसंग परंपरेने सांगितला जातो, तो १५६९ च्या सुमारासचा आहे आणि नाताळच्या उत्सवातलाच आहे. दरबारी नृत्यात पाउंड यांनी एक अवघड गिरकी घेतली. राणी प्रसन्न झाली आणि तिने ती पुन्हा घ्यावयास सांगितले. दुसऱ्या खेपेस त्यांचा तोल गेला आणि ते राणीच्या पायाशी कोसळले. क्षणापूर्वी कौतुक करणाऱ्या राणीने त्यांची सर्वांदेखत हेटाळणी केली. दरबार हसला. पाउंड उठले ते त्या जगाची क्षणभंगुरता ओळखूनच. त्यांनी दरबार सोडला, उरलेले आयुष्य प्रार्थनेला आणि छळ सोसणाऱ्या कॅथलिकांच्या सेवेला वाहिले आणि पुढे सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढली. आख्यायिकेचा तपशील कसाही असो, तिचे मर्म स्पष्ट आहे. सणाच्या झगमगाटातून मिळणारे सुख दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते आणि ती मर्जी एका गिरकीत फिरते. तुरुंगातही न हरपणारा आनंद पाउंड यांना त्यानंतर गवसला, आणि त्या शोधात त्यांच्या सोबतीला होते तरुण स्टीफन्स.

दोघांचाही विचार येशू संघात प्रवेश करण्याचा होता. देश सोडून रोमला निघण्याच्या बेतात असतानाच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स मात्र निसटले. १५७५ मध्ये रोम येथे त्यांनी येशू संघाची दीक्षा घेतली. आणि तेथे स्थिरावल्यावर पहिली खटपट केली ती तुरुंगात पडलेल्या मित्रासाठी. पाउंड यांना बंदिवासात असतानाच संघात सामावून घ्यावे, अशी विनंती त्यांनी संघप्रमुखांना केली आणि १५७८ मध्ये ती मान्य झाली. स्टीफन्स यांच्या स्वभावातील निष्ठा या एका गोष्टीतून दिसते. जे आपल्याला लाभले ते मागे राहिलेल्यालाही लाभावे, ही त्यांची तळमळ पुढे साष्टीच्या मातीतही तशीच राहिली.

फ्रान्सिस झेवियर यांच्या कार्याची कीर्ती तेव्हा युरोपभर पसरली होती आणि हिंदुस्थानात जाण्याची ओढ अनेक तरुण जेझुइटांना लागलेली असे. स्टीफन्स यांनीही हीच वाट धरली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच गलबतांचा तांडा निघाला. केप ऑफ गुड होपजवळचे वादळ, विषुववृत्ताजवळचे निर्वात समुद्र, सडलेले अन्न, हिरड्या सुजवून माणसाला खंगवणारा रोग हे सारे सोसून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याच्या किनाऱ्याला लागले. त्यांच्या गलबतावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली होती आणि सत्तावीस मरण पावली होती. त्या काळच्या मानाने ही हानी थोडीच समजली गेली. १० नोव्हेंबर रोजी त्यांनी वडिलांना या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. पुढे १५८९ मध्ये रिचर्ड हॅक्लुइट यांनी आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात ते छापले आणि इंग्लंडमधील व्यापाऱ्यांचे व दर्यावर्दींचे कुतूहल त्यामुळे चाळवले. हिंदुस्थानात दीर्घकाळ वास्तव्य केलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचा उल्लेख केला जातो. त्यांच्या मागून त्यांचे देशबांधव आले ते मिरी, नीळ आणि हिरे यांच्या शोधात. स्टीफन्स यांनी मात्र परतीचा विचार कधी केला नाही. मायदेश त्यांना पुन्हा दिसला नाही.

ज्या गोव्यात ते उतरले ते वैभवाच्या शिखरावर असलेले शहर होते; पण त्या वैभवाखाली एक खोल जखम वाहत होती. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतले. १५६० पासून तेथे इन्क्विझिशनचे धर्मन्यायासन सुरू झाले. येशू संघाकडे सोपविलेल्या साष्टी महालात १५६७ मध्ये शेकडो देवळे पाडली गेली. मूर्ती गेल्या, उत्सव बंद झाले, पुराणे बाळगणे आणि ऐकणे यांवर निर्बंध आले. कित्येक कुटुंबे आपले देव घेऊन नदीपलीकडे निघून गेली. जी राहिली त्यांतील बहुतेकांनी नवा धर्म स्वीकारला. कोणी श्रद्धेने, कोणी भयाने, कोणी जमिनीच्या मायेने. स्टीफन्स याच व्यवस्थेचे एक घटक होते, हे विसरून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही. ज्या माणसाने स्वतःच्या देशात उपासनेवरील बंदी अनुभवली होती, तोच दुसऱ्यांच्या उपासनेवर बंदी घालणाऱ्या सत्तेच्या आश्रयाने काम करू लागला. इतिहासाने घातलेले हे कोडे आहे. स्टीफन्स यांनी ते राजकारणाने सोडविले नाही. तो त्यांच्या अधिकाराचा विषयही नव्हता. त्यांनी आपल्या परीने जे उत्तर शोधले ते भाषेतून.

साष्टीत आल्यावर त्यांनी लोकभाषा कोंकणी आणि ग्रंथभाषा मराठी या दोन्हींचा कसून अभ्यास केला. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशातील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण नोंदविले आहे. भाषाकुलांचे शास्त्र जन्माला येण्यापूर्वी दोनशे वर्षे केलेले हे निरीक्षण होय. येथल्या भाषा त्यांनी कामापुरत्या शिकून सोडून दिल्या नाहीत. ओवीचा घाट, कथेकऱ्याची लय, ज्ञानदेवांपासून चालत आलेली उपमा-दृष्टांतांची समृद्धी हे सारे त्यांनी आत्मसात केले. त्याच काळात पैठणला एकनाथमहाराज भागवत धर्माचे मर्म प्राकृतातून सामान्यांच्या दारी नेत होते. दोघांची भेट होण्याचा संभव नव्हता. परंतु देवाची गोष्ट लोकांच्या बोलीतच सांगितली पाहिजे, या एका जाणिवेने हे दोन समकालीन एकाच काळाचे पुत्र ठरतात.

१५८३ हे वर्ष स्टीफन्स यांच्या कसोटीचे होते. साष्टीतील देवळे पाडली गेल्याचा संताप कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या मनात धुमसत होता. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात क्रूस उभारण्यासाठी आणि चर्चची जागा निवडण्यासाठी तेथे गेलेल्या मंडळींवर गावकऱ्यांनी हल्ला केला. रुदोल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार जेझुइट सहकारी मारले गेले. त्यांच्याबरोबर काही ख्रिस्ती ग्रामस्थही प्राणास मुकले. आक्वाव्हिवा हे नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. सहकाऱ्यांचे मृतदेह मिळवून त्यांचे विधिपूर्वक दफन करण्याच्या कामी स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. एका बाजूला धर्मासाठी मरण पत्करलेले सोबती, दुसऱ्या बाजूला आपल्या देवांसाठी उठलेले आणि दगाबाजीने मारले गेलेले गावकरी. ज्या भूमीत आनंदाची वार्ता सांगायची, ती भूमी दोन्ही बाजूंच्या रक्ताने भिजलेली होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस एक निराळा प्रसंग घडला. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी हे चार इंग्रज होर्मुझ येथे पकडले गेले आणि कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. त्यांच्याजवळ एलिझाबेथ राणीने अकबर बादशहाला लिहिलेले पत्र होते. ज्या राणीच्या कायद्यांमुळे स्टीफन्स यांना देश सोडावा लागला, ज्या राणीच्या तुरुंगात त्यांचा जिवलग मित्र खितपत पडला होता, त्याच राणीचे हे प्रजाजन होते. स्टीफन्स त्यांच्यासाठी धावून गेले. त्यांच्या आणि एका फ्लेमिश जेझुइटाच्या खटपटीमुळे जामीन मिळाला आणि २२ डिसेंबर १५८३ रोजी, नाताळच्या तीन दिवस आधी, ते कैदी मोकळे झाले. पुढे जेम्स स्टोरी गोव्यातच राहिला; इतर तिघे १५८४ मध्ये गुपचूप निसटून बेळगावमार्गे विजापूरकडे गेले आणि फिचने आपल्या वृत्तांतात या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली. ख्रिस्तजन्माचा संदेश शांतीचा आणि क्षमेचा आहे, हे व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ असतात. रक्तपाताने गढूळलेल्या वर्षाच्या शेवटी, आपल्याला परागंदा करणाऱ्यांच्या माणसांसाठी तुरुंगाचे दार उघडून देणे ही त्या संदेशाची कृतीत उतरलेली ओवीच म्हणावी लागेल.

वर्षे उलटली. साष्टीच्या गावोगावी चर्च उभी राहिली आणि नवख्रिस्ती मंडळींची दुसरी पिढी वाढू लागली. या पिढीची एक व्यथा स्टीफन्स यांनी ओळखली आणि ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच तिला कथारूप दिले. एका रविवारी संध्याकाळी साष्टीतील चर्चमध्ये पाद्री मुलांना धर्मप्रश्नोत्तरे शिकवीत असतात. तेथे एक नवख्रिस्ती ब्राह्मण येतो आणि नम्रपणे आपली उणीव बोलून दाखवितो. धर्माची शिकवण त्याला मान्य आहे, प्रश्नोत्तरे पाठ आहेत. परंतु पूर्वी पुराणे होती, त्यांच्या श्रवणात वेळ रमत असे, मन निवत असे. ती आता गेली. त्यांच्या जागी काही नाही. नव्या धर्माचेही एखादे पुराण असते तर किती बरे झाले असते!

या मागणीत केवढे दुःख साठविलेले आहे! माणसाला नियम देता येतात, प्रार्थना पाठ करून घेता येतात, सणाच्या दिवशी दिवे लावून घेता येतात. परंतु आनंद काही पाठ करून घेता येत नाही. तो कथेतून, गाण्यातून, आईच्या मांडीवर ऐकलेल्या शब्दांतून मनात झिरपतो. ज्यांचा तो झराच बुजविला गेला, त्यांच्या घरी नाताळ आला तरी तो पाहुण्यासारखा येणार आणि पाहुण्यासारखा जाणार. तो घरचा व्हावयाचा असेल, तर त्याला घरची भाषा मिळाली पाहिजे. ही निकड स्टीफन्स यांना उमगली आणि आयुष्याच्या उत्तरार्धातील सारी शक्ती त्यांनी या एका कामात ओतली.

त्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे छापून प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ पोर्तुगीज शीर्षक येशू ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन अशा अर्थाचे आहे. म्हणजे नाताळ हा या ग्रंथातील केवळ एक प्रसंग नसून त्याचे नावच आगमनाचे आहे. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस ‘अवस्वरू’ म्हणजे अध्याय आहेत आणि दुसऱ्यात एकोणसाठ. एकूण ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात जाते. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदिमानवाचे पतन, जलप्रलय, इस्रायली लोकांची भटकंती, राजे आणि प्रवक्ते यांच्या कथा येतात. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचे चरित्र येते. भाषा मराठी असली, तरी सामान्य श्रोत्यांना समजावी म्हणून तीत लोकबोलीतील सोपे शब्द मिसळल्याचे कवीने स्वतःच प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, तारणाला मुक्ती म्हटले. श्रोत्यांच्या ओळखीचे शब्द त्यांनी टाकून दिले नाहीत. त्यांतच नवा आशय भरला. मराठी भाषेचा त्यांनी केलेला गौरव तर मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे.

या रचनेत एक अर्थपूर्ण योजना दिसते. बेथलेहेमच्या गोठ्यापाशी पोहोचण्यापूर्वी श्रोत्याला छत्तीस अवस्वरूंची वाट चालावी लागते. युगानुयुगांची तहान, आश्वासने, विस्मरण, पुन्हा आश्वासने असा तो दीर्घ प्रतीक्षेचा प्रवास आहे. चर्चच्या वार्षिक परंपरेत नाताळपूर्वीचे चार रविवार प्रतीक्षेचे मानतात. स्टीफन्स यांनी संपूर्ण पहिले पुराणच प्रतीक्षेचे केले. वाट पाहिल्यावाचून लाभलेले सुख मनात फार काळ टिकत नाही, हे सत्य कोणत्याही पंथाच्या भाविकाला ठाऊक असते. पंढरीची वाट चालून आलेल्या वारकऱ्याला कळसाचे दर्शन जसे कृतार्थ करते, तसा साष्टीचा श्रोता दुसऱ्या पुराणातील ख्रिस्तजन्मापाशी पोहोचत असला पाहिजे.

आणि तेथे पोहोचल्यावर त्याला काय दिसते? राजवाडा नाही, दरबार नाही. धर्मशाळेत जागा न मिळालेले एक गरीब जोडपे, गुरांची गव्हाण, कापडात गुंडाळलेले बाळ. शुभवार्ता प्रथम कळते ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. पूर्वेकडील ज्ञानी पुरुष ताऱ्याच्या मागाने नंतर येतात. परंतु शुभवर्तमानातील ही कथा एवढ्यावर थांबत नाही आणि स्टीफन्स यांचे पुराणही थांबत नाही. पाठोपाठ हेरोद राजाची क्रूर आज्ञा येते, निष्पाप बालकांचा संहार येतो आणि तान्ह्या मुलाला घेऊन परक्या मिसर देशाकडे रातोरात पळणारे आईबाप येतात. देश सोडून पळावे लागणे म्हणजे काय, हे कवीला अनुभवाने माहीत होते. घरदार सोडून नदीपलीकडे गेलेल्या आप्तांच्या आठवणी श्रोत्यांच्याही मनात ताज्या असणार. जन्माचा आनंद आणि जन्मानंतरचे संकट यांची ताटातूट ही कथा करीत नाही. गव्हाणीवर क्रूसाची सावली पडलेली आहे आणि क्रूसाच्या पलीकडे पुनरुत्थानाचा उजेड आहे. दुःखाला वगळून मिळविलेला आनंद पहिल्या आघाताबरोबर विरतो. दुःखाला पोटात घेऊन उभा राहिलेला आनंदच टिकतो. ख्रिस्ती जीवनातील चिरंतन हर्षाचे हे रहस्य स्टीफन्स यांनी सिद्धान्ताच्या रूपाने न मांडता कथेच्या ओघात श्रोत्यांच्या हाती दिले.

हा ग्रंथ एकांतात वाचण्यासाठी नव्हता. रविवारी आणि सणाच्या दिवशी, मिसेनंतर, चर्चमध्ये तो मोठ्याने वाचला आणि गाइला जाई. ज्यांना अक्षरओळख नव्हती, असे शेतकरी आणि कष्टकरीही श्रवणाने त्यातल्या कथांशी परिचित झाले. सणाच्या दिवसापुरती असणारी गोष्ट वर्षभराच्या रविवारांत पसरली आणि चर्चमधून घराघरांत गेली. त्या ब्राह्मणाने मागितलेले निववणारे श्रवण त्याला आणि त्याच्या मुलाबाळांना परत मिळाले. जे गेले होते ते सगळे परत मिळाले असे कोणी म्हणू शकणार नाही; पण ओवी परत मिळाली, पुराण परत मिळाले आणि आपल्या भाषेत देवापुढे बसण्याचा अधिकार परत मिळाला.

हा ग्रंथ देवनागरीत छापला जावा, अशी स्टीफन्स यांची मनापासून इच्छा होती. गोव्यात १५५६ मध्ये मुद्रणयंत्र आले होते. परंतु ते रोमन अक्षरांचे. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी संघप्रमुख क्लाउदिओ आक्वाव्हिवा यांना पत्र लिहून देशी लिपीत छपाई करण्याची अनुमती मागितली. हे संघप्रमुख म्हणजे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुदोल्फ यांचे चुलते. अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून सुमारे सहाशे साचे लागतात ही अडचण होती. ती संख्या युक्तीने दोनशेवर आणता येईल, असे स्टीफन्स यांनी कळविले होते. ती इच्छा मात्र फळाला आली नाही. मराठीतील हे महापुराण रोमन अक्षरांतच छापावे लागले. आपल्या भाषेला तिचे स्वतःचे अक्षर लाभावे म्हणून एका इंग्रजाने सतराव्या शतकाच्या आरंभी केलेली ही धडपड मराठी मुद्रणाच्या इतिहासात कृतज्ञतेने नोंदविण्याजोगी आहे.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. त्यांनी रचलेली कोंकणी प्रश्नोत्तरांची ‘दोत्रिना क्रिश्तां’ १६२२ मध्ये आणि दियोगो रिबेरो यांनी भर घातलेले कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये राशोल येथेच छापले गेले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून या पुस्तकाची गणना होते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ मध्ये निघाल्या. पुढे मात्र काळ फिरला. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम केला. स्टीफन्स यांनी जी भाषा देवाच्या स्तुतीला पात्र मानली, तिलाच सत्तेने अपात्र ठरविले. जुन्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर हाती आलेली नाही.

ग्रंथ नाहीसा झाला नाही, याचे श्रेय सामान्य भाविकांना द्यावे लागते. गोव्यातून कानडा मुलखात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, नकला केल्या, पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे वाचन चालू ठेवले. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून रोमन लिपीत आवृत्ती काढली. पुढे विल्यम मार्सडन यांच्या लंडनमधील संग्रहात ग्रंथाची देवनागरी प्रत जस्टिन अॅबट यांना आढळली. १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांची आवृत्ती आली. पर्वरी येथील कोंकणी भाषेच्या संशोधनकेंद्राला स्टीफन्स यांचेच नाव देण्यात आले आहे. ज्यांनी कानडा मुलखात राहून, रोजच्या व्यवहारात न वापरली जाणारी मराठी केवळ या पुराणासाठी जिवंत ठेवली, त्या अनामिक वाचकांचे ऋण महाराष्ट्राबाहेरील प्रत्येक मराठी ग्रंथालयाने मानले पाहिजे. ग्रंथ टिकतात ते कपाटांच्या आधाराने नव्हे. कोणीतरी ते पुन्हा पुन्हा उघडतो म्हणून टिकतात.

स्टीफन्स यांच्या जीवनाचा हिशेब मांडला तर गमावलेल्या गोष्टींची यादी लांब होते. देश गेला, आप्त दुरावले, मित्र तुरुंगात राहिला, सहकारी मारले गेले, देवनागरीत छपाईची इच्छा अपुरी राहिली. ज्या सत्तेच्या छत्राखाली ते वावरले तिच्या अन्यायाचा डागही त्यांच्या काळावर आहे. तरीही त्यांच्या ओव्यांत कडवटपणा शिरला नाही. त्यांत प्रसन्नता आहे, वात्सल्य आहे आणि दिल्याने वाढणाऱ्या धनाची उधळण आहे. राणीच्या दरबारातील नाताळ एका गिरकीबरोबर विझला. साष्टीच्या चर्चमध्ये ओवीबद्ध झालेले ख्रिस्तजन्माचे आख्यान चार शतके ओलांडून आजही वाचले जात आहे. दरबारातला आनंद बघ्यांचा होता, साष्टीतला आनंद सहभागाचा होता. पहिल्याला दिवे लागत होते, दुसऱ्याला एक कथा, एक भाषा आणि ती ऐकणारी माणसे पुरली.

दरवर्षी डिसेंबरात गोव्याच्या खेड्यांतून घरांवर ताऱ्याच्या आकाराचे कंदील लागतात आणि मध्यरात्रीच्या मिसेची घंटा वाजते. सण सरल्यावर कंदील उतरविले जातात. चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी पाद्र्याने मराठी ओवीत लावलेला कंदील मात्र उतरविण्याची वेळ अजून आलेली नाही.